पहिल्या पिढीची एमएक्स-५ घरी दुरुस्त करताना: आधी पत्रा, मग ब्रेक, ताकद सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदानं ही छोटी उघडी दोन सीटची गाडी दाखवली. जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली, अमेरिकेत मिआटा म्हणून. १९९७ पर्यंत बनलेल्या या पहिल्या पिढीला जाणकार ‘एनए’ म्हणतात. सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन होतं, १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचंही आलं. वजन साधारण एक टनाच्या आत-बाहेर, इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकांना आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. घरी उघडून शिकायला याहून सोयीची स्पोर्ट्स कार क्वचितच सापडेल. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, आणि व्हॉल्व्ह चालवणारा टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत.

बहुतेकांचं काम बिघडतं ते क्रमामुळं. चाकं, सायलेन्सर आणि एअर फिल्टर आधी येतात. सहा महिन्यांनी दाराखालचा पत्रा हातात येतो तेव्हा उत्साहही संपलेला असतो आणि पैसेही. म्हणून पत्रा, इंजिनाची तब्येत, ब्रेक, सस्पेन्शन आणि शेवटी ताकद, हा क्रम सोडू नका.

उचलायची कुठून

पुढून उचलताना जॅक पुढच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर लावा, मागून उचलताना डिफरन्शिअलच्या खोक्याखाली. स्टँड सिलच्या (दाराखालून लांबीला जाणाऱ्या पोकळ पेटीसारख्या पत्र्याच्या) खालच्या ओठावर, जिथं पत्रा दुहेरी करून मजबूत केलेला आहे तिथं येतात. जमिनीखालून लांबीला जाणाऱ्या दोन पट्ट्या चेसिससारख्या दिसतात, पण त्यांचा पत्रा पातळ आहे. तिथं जॅक लावला की त्या चपट्या होतात. बऱ्याच गाड्यांत त्या आधीच चेपलेल्या मिळतात, त्यामुळं घेण्यापूर्वी वाकून बघा. आणि फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, गाडी हातानं जोरात हलवून बघा, मगच खाली जा.

पाणी कुठं साचतं, तिथं गंज

कापडी टप खाली पाडून सीटच्या मागं दोन्ही कोपऱ्यांत बघा. तिथं निचऱ्याचं एकेक भोक आहे. टपावरचं पाणी त्यातून नळीवाटे उतरून मागच्या चाकाच्या थोडं पुढं, गाडीखाली पडतं. पानं आणि माती साचून ही भोकं बुजतात. मग पाणी सिलमध्ये आणि गालिच्याखाली मुरतं, आणि सिल आतून कुजते. बाहेरचा रंग फुगलेला दिसतो तोवर आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो.

तपासणी सोपी आहे. अर्धा लिटर पाणी भोकात हळूहळू ओता आणि खाली बघत राहा. काही सेकंदांत धार पडली पाहिजे. थेंब थेंब आले किंवा काहीच आलं नाही, तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन तार वरून घाला आणि फिरवत फिरवत खाली न्या. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. दाबानं नळी आतल्या आत जोडातून निसटते, आणि मग सगळं पाणी थेट सिलमध्ये जातं.

गंज बघायच्या बाकीच्या जागा: मागच्या चाकाच्या कमानीची कड, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग (चाकामागं पानांचा लगदा अडकतो) आणि डिकीत बॅटरीखालचा पत्रा. सिलवर लोहचुंबक फिरवा. तो जिथं धरत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. खालच्या ओठावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, कुजलेला बदबद वाजतो. खाली नुकताच जाड काळा थर मारलेला असेल तर तो खरवडल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सिल कापायची वेळ आली तर एक गोष्ट आधी समजून घ्या. या गाडीला छत नाही, त्यामुळं तिचा कणा म्हणजे मधला बोगदा आणि दोन्ही सिल. सिल कापली की बॉडी मधून वाकू शकते. काम असं करा:

१. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. सीट, गालिचा आणि आवाज रोखणारं पॅडिंग बाहेर काढा. पेट्रोलची टाकी सीटमागच्या पत्र्याच्या पलीकडंच आहे, म्हणून मागच्या टोकाला ठिणगी उडणार असेल तर टाकी आणि पाइप उतरवल्याशिवाय हात लावू नका. अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा.

२. दार काढण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दार काढून बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी लोखंडी नळी आडवी आणि दुसरी तिरकी टाका. दोन्ही कर्णांची मापं घ्या.

३. गाडी चारही बाजूंनी सपाट टेकलेली असू द्या. एका वेळी एकच बाजू कापा. कुजलेल्याच्या पलीकडं, चकचकीत धातू दिसेपर्यंत जा.

४. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा, आतला आणि मधला मजबुतीचा असे थर आहेत. मधला थर कुजलेला असताना वरून नवी पट्टी चिकटवणं म्हणजे गंज झाकणं, आणि अपघातात ती पट्टी काही वाचवत नाही. आतून बाहेर या क्रमानं बसवा. सिलला १.२ मिमी पत्रा चालतो, कमानीला ०.८ ते १ मिमी.

५. जिथं कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथं नव्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडा, दर २५-३० मिमीवर एक, आणि ती मिग वेल्डिंगनं भरा. तार ०.६ मिमीची घ्या. लांब जोडाला २ सेंटिमीटरचे टाके मारा, एकदा इकडं, एकदा तिकडं. सलग ओढलं की पत्रा तापून लाटा येतात.

६. दर काही टाक्यांनी दार बसवून फटी बघा. हे कंटाळवाणं आहे, पण शेवटी दार लागत नाही हे कळण्यापेक्षा बरं.

७. जोडांच्या आत जस्ताचा प्रायमर, बाहेर प्रायमर, सीम सीलर, रंग. सगळं वाळल्यावर पोकळीत लांब नळीनं मेण मारा. मेण आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पेटतं.

इंजिन: उघडण्यापूर्वी ऐका आणि मोजा

गरम इंजिनावर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) मोजा. आकडा किती यापेक्षा चारांत फरक किती हे महत्त्वाचं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत २ बारपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळतंय.

थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक येत असेल तर घाबरू नका. व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक टॅपेट जुन्या, काळ्या तेलानं भरले की असे वाजतात. तेल आणि फिल्टर बदला, तेवढ्यानं बऱ्याचदा आवाज जातो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी तेल दिसलं की लोक क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलला दोष देतात आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतात. आधी हेडच्या मागच्या टोकाचा कॅम अँगल सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची स्थिती मोजणारा) बघा. त्याची एक ओ-रिंग कडक होते, तेल तिथून पाझरून खाली बेलहाउसिंगवर (क्लचभोवतीच्या खोक्यावर) उतरतं. वाटेत ते हीटरच्या रबरी नळ्यांवर पडतं आणि रबर फुगून मऊ होतं. म्हणजे ओ-रिंग बदलताना त्या नळ्याही दाबून बघायच्या. सेन्सर काढण्याआधी त्याच्या पट्टीवर आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ मारून ठेवा, नाहीतर इग्निशनचं टायमिंग हलतं.

टायमिंग बेल्ट साधारण ९६,००० किलोमीटरला बदलायचा. जुन्या गाडीचा इतिहास माहीत नसेल तर आजच बदला. पाण्याचा पंप वेगळ्या, बाहेरच्या बेल्टवर चालतो, पण तो बदलायलाही टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून पंप, टेन्शनरचा आणि आयडलरचा रोलर, कॅमची दोन्ही सील आणि क्रँकचं पुढचं सील एकाच वेळी उरकून घ्या. बसवताना कॅमच्या पुलींवरचे ‘आय’ आणि ‘ई’ हे खुणांचे दात मागच्या पत्र्यावरच्या खुणांशी जुळवा. या दोन खुणांमध्ये बेल्टचे १९ दात यायला हवेत. एखादा कमी-जास्त असेल तर गाडी चालते, पण अंगात जोर नसतो आणि पेट्रोल पिते. टेन्शनर सैल ठेवून क्रँक घड्याळाच्या दिशेनं हातानं १ पूर्ण आणि ५/६ फेरा फिरवा, मग स्प्रिंगला ताण घेऊ द्या आणि टेन्शनरचा बोल्ट ३८ ते ५१ न्यूटन-मीटरनं आवळा. आणखी दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा.

आता क्रँकचं नाक. १९९१ च्या मध्याच्या आसपासपर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. पुढच्या पुलीत चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर लांब. आखूड नाकावर बोल्ट नीट आवळला गेला नाही की पुली सूक्ष्म हलते, आणि त्या हलण्यानं क्रँकमधली, पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच कुरतडली जाते. खाच रुंदावली की बेल्टची पुली मागं सरकते, कॅम आणि इग्निशन दोन्ही उशिरा चालतात. लक्षण असं की गाडी हळूहळू मरगळते आणि कितीही ट्यून केली तरी उठत नाही. इंजिन सुरू असताना पुढून पुलीकडं बघा. ती डोलत असेल तर लगेच बंद करा.

या इंजिनावर क्रँकचा बोल्ट गरज नसताना सोडूच नका. सील बदलायला सोडावाच लागतो, तेव्हा नवा बोल्ट आणि नवी चावी घ्या, खाचेच्या कडा बोटानं चाचपून बघा, आणि बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळा: आखूड नाकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांब नाकाला १५७ ते १६७. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. आवळताना गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवून दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. खाच थोडीच खराब असेल तर लॉकटाइट ६६० सारखा झीज भरून काढणारा डिंक वापरून चावी घट्ट बसवता येते. त्याआधी तेलाचा अंशही राहता कामा नये, आणि नंतर पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. खाच फारच फाटली असेल तर क्रँक बदलणं हाच इलाज.

पाणी आणि तेलं

रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. नवी असताना ती काळी असते. तपकिरी, हिरवट झाली की ती ठिसूळ झाली आहे आणि कधीही तडकेल. गळण्याची वाट बघू नका. यंत्रणेत साधारण ६ लिटर कूलंट मावतं. भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात.

गिअरबॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल लागतं. डिफरन्शिअलला ९० नंबरचं जीएल-५: १.६ च्या छोट्याला सुमारे ०.६५ लिटर, १.८ च्या मोठ्याला १ लिटर. दोन्हीकडं आधी भरायचं बूच सुटतंय ना बघा, मगच रिकामं करायचं बूच काढा. उलट केलं आणि वरचं बूच जाम निघालं, तर गाडी कोरडी उभी राहते.

गिअरची दांडी ढिली, खरखरीत वाटत असेल तर बहुधा गिअरबॉक्स खराब नाही. दांडीखालच्या कपात स्वतःचं वेगळं तेल असतं, साधारण ९० मिली, आणि ते बदलायचं असतं हे फार थोड्यांना माहीत असतं. तीन बोल्ट काढा, जुनं काळं तेल चिंधीनं टिपा, दांडीच्या टोकाचा नायलॉनचा बुश आणि फाटलेली रबरी टोपी नवी घाला, ताजं तेल भरा. तासाभराचं काम, आणि दांडीत पडणारा फरक पहिल्याच गिअरला हाताला कळतो. टोपी फाटलेली असेल तर गरम हवाही आत येत असते, तीही थांबते.

क्लच पायाला मऊ लागत असेल तर बेलहाउसिंगवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर मागं सारून बघा. आत ओल असेल तर पेडलकडचा मास्टर सिलिंडर आणि हा स्लेव्ह दोन्ही एकदमच बदला. एक नवा घातला की दुसरा थोड्याच दिवसांत जातो.

ब्रेक, आणि मागच्या कॅलिपरची ती छोटी अ‍ॅलन की

१.६ ला पुढं २३५ मिमी आणि मागं २३१ मिमीच्या डिस्क आहेत, १.८ ला २५५ आणि २५१. मोठ्या डिस्क १.६ वर बसतात, त्यासाठी १.८ चे कॅलिपर ब्रॅकेट, डिस्क आणि त्या मापाचे पॅड लागतात. १४ इंची मूळ चाकं त्यावरून सहज जातात. पण रस्त्यावर चालवायच्या गाडीला आधी चांगले पॅड, ताजं डॉट-४ ब्रेक ऑइल आणि मोकळे सरकणारे पिन एवढं पुरतं. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर घासून वापरू नका.

नव्या पॅडनंतर हँडब्रेक लागत नाही, ही या गाडीची ठरलेली तक्रार. लोक केबल ओढत बसतात. खरं काम मागच्या कॅलिपरच्या आत आहे. कॅलिपरच्या मागच्या बाजूला १४ मिमीचा एक झाकणाचा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. पिस्टन आत घ्यायचा असेल तर की घड्याळाच्या उलट फिरवा. इथं पिस्टन क्लॅम्पनं दाबायचा नसतो, तसं केलं तर आतली यंत्रणा मोडते. पॅड आणि कॅलिपर बसवल्यावर की घड्याळाच्या दिशेनं फिरवत चला, चाक हातानं फिरेनासं होईपर्यंत. मग एकतृतीयांश फेरा मागं घ्या. डिस्क मोकळी फिरली पाहिजे. दोन्ही बाजू झाल्या की झाकणाचे बोल्ट लावा आणि मगच आत केबल अशी जुळवा की हँडब्रेकची दांडी ५ ते ७ टकटकींत घट्ट होईल.

सस्पेन्शन

चाकांचे कोन जुळवायचे बोल्ट इथं आठ आहेत, प्रत्येक कोपऱ्यात खालच्या आर्मला दोन, लंबगोल वॉशरचे. ते बुशच्या लोखंडी नळीत गंजून जाम होतात. कामाच्या आदल्या दोन दिवसांत रोज भेदक तेल मारा. नट काढताना शेवटचे आटे सोडून नट टोकाशी सपाट ठेवा आणि त्यावर हातोडी मारा. उघड्या आट्यांवर मारली तर बोल्ट टोकाला फुगतो आणि मग कधीच निघत नाही. तरीही हलला नाही तर पातळ पात्यानं आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीतून दोन्ही बाजूंनी कापा आणि नवा घाला. सोडण्याआधी लंबगोल वॉशरच्या जागेवर रंगानं खूण करायला विसरू नका.

नवे रबरी बुश घालत असाल तर हे काटेकोर पाळा: बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. आधी सैल लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा हबखाली (चाक बसतं त्या मध्यभागाखाली) जॅक देऊन नेहमीच्या उंचीला आणा, मग आवळा. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबत्या आर्मवर आवळलं तर गाडी खाली येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. पॉलीयुरेथेनचे बुश फिरतात, त्यांना ही अडचण नाही, पण सोबत आलेलं ग्रीस नीट भरलं नाही तर ते किरकिरतात.

उंची कमी करण्याचा मोह आवरा. या गाडीत चाकाला वर जायला मुळातच कमी जागा आहे. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत पुढं ३२५-३३० मिमीच्या खाली नेली की प्रत्येक खड्ड्याला ती बंपस्टॉपवर (सस्पेन्शन अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आणि वळणात अचानक सुटते. कोन जुळवताना पुढं कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ अंश, मागं उणे १.५, पुढचा टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) शून्य, मागचा एकूण दीड ते तीन मिमी आत. हे रस्त्यावरच्या चपळ गाडीला साजेसं आहे.

चाकांचं माप ४×१०० (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), मध्यछिद्र ५४.१ मिमी. मूळ टायर १८५/६०-१४. १५ इंची चाकाला १९५/५०-१५ घ्या. दोघांचा बाहेरचा व्यास ५७८ आणि ५७६ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरही बरोबर राहतो. याहून मोठं, जड चाक घातलं तर गाडीचा हलकेपणाच जातो. हवा मूळ टायरला २६ पीएसआय पुरते.

आता ताकद

फुकटात मिळणारी सुधारणा म्हणजे इग्निशनचं टायमिंग. इंजिन पूर्ण गरम, दिवे आणि पंखा बंद, आयडल ८५० फेरे. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीईएन आणि जीएनडी हे दोन खुंटे वायरनं जोडा. टायमिंग लाइट लावून कॅम अँगल सेन्सरचा १२ मिमीचा बोल्ट सैल करा. मूळ आकडा १० अंश आहे. सेन्सर किंचित फिरवून १४ वर आणला की खालच्या फेऱ्यांत ओढ वाढते. यासाठी ९५ ऑक्टेन तरी लागतं. या इंजिनाला नॉक सेन्सर (पेट्रोल चुकीच्या वेळी पेटल्याचा आवाज ओळखणारा) नाही, त्यामुळं चढावर खणखण ऐकू आली तर तुम्हीच २ अंश मागं घ्यायचं. काम झालं की जोडलेली वायर आठवणीनं काढा.

मोकळा एक्झॉस्ट आणि फिल्टर यांनी आवाज वाढतो, ताकद थोडीच. टर्बो हा वेगळा प्रकल्प आहे: मोठे इंजेक्टर, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर या तिन्हींशिवाय करू नका. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. १.६ चं छोटं डिफरन्शिअलही त्या जोरात टिकत नाही. १९९४ पासूनच्या १.८ चं मोठं, टॉर्सन प्रकारचं मिळालं तर टर्बोच्या आधी ते घाला.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट (१०० न्यूटन-मीटरच्या आसपास), सस्पेन्शनचे सगळे बोल्ट आणि कॅलिपर पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. ५०० किलोमीटरला तेल बदला आणि जुनं तेल पांढऱ्या भांड्यात काढून धातूच्या कणांची चकाकी दिसते का बघा. आणि दर सहा महिन्यांनी टप पाडून, सीटमागच्या त्या दोन भोकांत अर्धा लिटर पाणी ओता.